पैसे मोजून वाकडं अंगण!

काय ऐकतोय हे, राजेहो? ज्या कट्ट्यावर कापसाच्या भावावरून हमरीतुमरी व्हायची, सरकी-ढेप महागली की सरकारचा उद्धार व्हायचा, त्या कट्ट्यावर परवा चक्क ‘मग, ग्रीन कशी होती?’ असा प्रश्न विचारला गेला. आणि विचारणाऱ्याला कुणी वेड्यात काढलं नाही! उलट तिघं सरसावून बसले. कुठे? तर खामगावात! मे महिन्यात हिरवं काही बघायचं तर रसवंतीवर ताणलेली नेट बघावी लागते, त्या गावात माणसं गवत किती मिलिमीटर कापावं यावरून वाद घालतायत. शोभतं का हे आपल्याला?

नाहीच शोभत. म्हणून तर नीट मांडी ठोकून बोलायला हवं.

मुळात ही गोल्फची अवदसा आली कुठून? पुण्याहून, दुसरं कुठून येणार! पोरं हिंजवडीला चिकटली, बावधनला फ्लॅट झाले, इथवर बरं होतं. उन्हाळ्यात आईबाप दोन महिने तिकडे जाऊन राहू लागले, तेही समजू शकतो. पंचेचाळीस अंशांत हौसेने कोण भाजून घेईल? पण त्या बिल्डिंगीत कुणी एक साहेब राहतात. ते रविवारी पहाटे काठ्यांची पिशवी खांद्यावर टाकून निघतात आणि लिफ्टमध्ये म्हणतात, ‘काका, येता का? नुसतं चालायला या.’ झालं! नुसतं चालायला गेलेला माणूस नुसता चालून परत आल्याचं ऐकलंय कुणी? तो टोपी घालून परत येतो. एका हातात मोजा घालून परत येतो. एकाच हातात! दुसऱ्याचं काय झालं असं विचारलं तर कीव आल्यासारखं आपल्याकडे बघतो.

आणि जूनमध्ये तो आजार घेऊन खामगावात उतरतो. कृषी केंद्रवाले भाऊ असे उतरले. सराफ्यातले शेठ असे उतरले. निवृत्त हेडसर तर पिशवीसकट उतरले. ट्रॅव्हल्सच्या क्लीनरने डिकीत ती पिशवी ढकलताना विचारलंही म्हणे, ‘काय आहे हो यात, ठिबकचे पाइप?’ सरांनी चौदा काठ्या आहेत असं सांगितल्यावर त्याने पिशवी अंमळ जपूनच ठेवली. चौदा! त्याहून जास्त नेल्या तर दंड बसतो, असा नियमच आहे. म्हणजे पंधरावी न्यावीशी वाटणारे महाभागही जगात असणारच, नाहीतर नियम कशाला करावा लागला असता? आपल्या आजोबांनी एका काठीत बैल, कुत्रं आणि थोरला मुलगा असे तिघे सरळ केले.

असो. खरी मौज पुढे आहे. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबाचे मेंबर घ्या. 1927 पासून क्लब आहे तो. तिथली माणसं आपल्या कोर्सवरच्या झाडांना भाऊबंद मानत असतील. येरवड्याला पूना क्लबचा कोर्स, तिथल्या मेंबराला प्रत्येक वळण पाठ. कुलाब्याच्या टोकाला यूएस क्लब, तिथे समुद्राचा वारा कधी दगा देतो हे जुन्यांना ठाऊक. खारघरला सिडकोने कोर्स केलाय, कामठीला छावणीचा आहे. या सगळ्यांना घरचं मैदान आहे. आपल्याला आहे? ज्ञानगंगेचं पाणी नळाला कोणत्या दिवशी येणार यावर ज्या गावात पाहुण्यांना बोलवायचे दिवस ठरतात, तिथे अठरा होलांचं गवत कोण जगवणार? तेव्हा खामगावच्या गोल्फरला घरचं मैदानच नाही. तो जिथे जाईल तिथे पाहुणा, जे खेळेल ते परक्या मैदानावर. अनोळखी कोर्सवर खेळण्याच्या बाबतीत आपल्याइतका अधिकारी माणूस दुसऱ्या कुठल्या गावात सापडेल सांगा बरं?

घरच्या घरी सोय करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. कोरड्या छावण्यांमध्ये पूर्वी गवताच्या ग्रीनऐवजी ‘ब्राउन’ असत. वाळूत तेल कालवायचं आणि होलाभोवती गोल थापायचं. हे समजल्यावर भाऊंनी लगेच सरकीच्या तेलाचा हिशोब मांडला आणि वहिनींनी तो लगेच मोडला. मग सोयाबीन निघालेल्या वावरात सराव सुरू झाला. तो उन्हाळ्यापर्यंत बरा चालला. पुढे आपल्या काळ्या मातीने तोंड उघडलं. नियमाने गोल्फचा बॉल 42.67 मिलिमीटरपेक्षा लहान नसावा. पण वऱ्हाडातल्या भेगेला मिलिमीटर काय सांगता? तिच्यात आख्खा पाय जातो. 2019 पासून हरवलेला बॉल शोधायला तीनच मिनिटं मिळतात, पूर्वी पाच मिळायची. भाऊंचे बॉल अजून तिथेच आहेत. पेरणीत निघतील तेव्हा निघतील.

आता मूळ प्रश्न. परक्या कोर्सवर गेल्यावर या मंडळींना सगळ्यात मोलाचं काय वाटतं? कट्ट्यावर विचारून बघा. हेडसर डोळे मिटून म्हणतात, ‘निसर्ग.’ नववीच्या निबंधासारखं. शेठ म्हणतात, ‘ग्रीन. घासून पुसून चकचकीत पाहिजे’, म्हणजे धंदा डोक्यातून जात नाही. भाऊ गवताची जात सांगतात आणि युरिया कमी पडलाय की जास्त, हेही सांगतात. सगळं खोटं! पहिल्या पाच मिनिटांनंतर यांच्या तोंडून काय बाहेर पडतं ते ऐका. नाश्त्याला आम्लेट कसं होतं. टोपीवर त्या क्लबाचं चिन्ह कसं शिवलंय. पहिल्या टीवर उभं राहून काढलेला फोटो फॅमिली ग्रुपवर किती जणांनी पाहिला, आणि पाहूनही कोण गप्प बसलं. आणि मग, चहा संपता संपता, आवाज थोडा खाली आणून: ‘स्कोअर जरा वाढला. पण कोर्स नवीन होता ना!’

सापडला की नाही चोर?

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून आपल्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या लोकांची जिरवली. या खेळाने काय केलं? अंगण मुद्दाम वाकडं करून घेतलं. त्यासाठी आर्किटेक्ट नेमले. सरळ रस्ता मध्येच कोपरात वळवला, जिथे बॉल पडावासा वाटतो तिथे वाळूचा खड्डा खणला, समोर तळं ठेवलं, आणि प्रवेशद्वाराशी फी घ्यायला माणूस बसवला. म्हणजे पैसे मोजून वाकडं अंगण! घरच्या कोर्सवर चुकलात तर तुम्ही चुकलात. परक्या कोर्सवर चुकलात तर कोर्स चुकला. एवढी मोठी सवलत दुसऱ्या कुठल्या खेळात आहे? शाळेत ‘पेपर अभ्यासक्रमाच्या बाहेरचा होता’ म्हणणाऱ्या पोरांना हेडसरांनी आयुष्यभर बाकावर उभं केलं. आता तेच सर कुठल्या तोंडाने सांगतात की सातव्या होलाचा उतार दिसतच नव्हता?

पुढचं ऐकून तर तुम्ही कपाळावर हात मारून घ्याल. या वाकडेपणाचं अधिकृत मोजमाप आहे! त्याला म्हणतात स्लोप रेटिंग. 55 पासून 155 पर्यंत आकडा असतो, 113 म्हणजे मध्यम. पट्टीच्या खेळाडूच्या मानाने साध्यासुध्या खेळाडूची त्या कोर्सवर किती जास्त दैना होईल, ते हा आकडा सांगतो. आणि 2020 पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत आली आहे, तिच्यात कोर्स जितका अवघड तितके फटके तुम्हाला वाढवून मिळतात. वाकडेपणाचा भत्ता! सरांना महागाई भत्त्यानंतर इतका मनापासून पटलेला हा दुसराच भत्ता. बावधनच्या टेकड्यांमधल्या ऑक्सफर्ड कोर्सवर जायचं ठरलं की आधी गुगलवर स्लोप बघतात, आणि तो चढा निघाला की चेहरा असा खुलतो, जणू निकाल आधीच लागलाय आणि आपण निर्दोष सुटलोय.

आपल्यालाच हसायला नको. गोऱ्या साहेबांचे देव बघा ना! स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स आहे, या पंथाची पंढरीच. तिथे 112 बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, त्यातल्या एकाचं नावच ‘हेल’. सात ग्रीन जुळ्या, म्हणजे एकाच ग्रीनवर दोन वेगवेगळ्या होलांची माणसं आमनेसामने. 1946 साली सॅम स्नीड हा अमेरिकी खेळाडू आगगाडीतून तिथे पोचत होता, खिडकीतून त्याने हे मैदान पाहिलं आणि विचारलं, हे कुठलं टाकून दिलेलं गोल्फ मैदान? सोबतचा भला माणूस घायाळ झाला म्हणतात. आणि हाच स्नीड त्या टाकून दिलेल्या मैदानावर ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकून गेला. त्याच्या पंचवीस वर्षं आधी, 1921 साली, बॉबी जोन्स तिथे पहिल्यांदा आला. एकोणीस वर्षांचा पोरगा, जगात नाव गाजायला लागलेलं. तिसऱ्या फेरीत अकराव्या होलाच्या बंकरात असा रुतला की वैतागून स्पर्धाच सोडून मोकळा झाला. अनोळखी अंगणाने भल्याभल्यांना नाचवलं! पुढे तो परत आला, 1927 ची ओपन त्याच मैदानावर जिंकला, आणि 1958 साली त्या गावाने त्याला मानाचा नागरिक करून घेतलं. म्हणजे आधी रुसवा आणि मग जावईमान.

पण खरी गोम 1964 मध्ये आहे. टोनी लेमा नावाचा अमेरिकी गडी आयत्या वेळी येऊन थडकला. ओल्ड कोर्स आयुष्यात कधी पाहिलेला नाही, सरावाला जेमतेम वेळ, वारा असा की टोपी उडावी. कुणी म्हणेल, सबबींचं नुसतं पीक! त्याने काय केलं? टिप अँडरसन नावाचा तिथला कॅडी धरला. हा एरवी अर्नोल्ड पामरची पिशवी उचलायचा. त्या वर्षी पामर आला नव्हता. टिपने बोट दाखवावं आणि लेमाने तिकडे मारावं. समोर काही दिसत नसलं तरी मारावं! लेमा ओपन जिंकला, तोही जॅक निकलसला पाच फटक्यांनी मागे टाकून.

अनोळखी जागी जाणत्याचं बोट धरायचं, हे आपल्याला नवीन आहे का हो? 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने जलंब-खामगाव फाटा उघडायला आला होता. कशासाठी, तर इथल्या कापसासाठी. त्या फाट्यावरून मुंबईचे बडे व्यापारी उतरायचे, खिशात पैसा, डोक्यावर हॅट, आणि समोर ढिगाऱ्यांचा समुद्र. कुठला कापूस लांब धाग्याचा, कुठल्यात पाणी मारलंय, कुठल्याच्या पोटात माती आहे? कळायचं कुणाला? तर चिमटीत कापूस धरून धागा ओढणाऱ्या इथल्या दलालाला. शहाणा व्यापारी त्याच्या बोटांकडे बघायचा. अतिशहाणा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा आणि माती विकत घेऊन जायचा. गोल्फचा कॅडी तोच. अनोळखी कोर्सवर त्याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही, हे प्रत्येक गोल्फर जाणतो. मग तो ते कबूल का करत नाही? कारण कॅडीचं ऐकलं की सबब गेली!

इथे आपल्या मंडळींची जी तारांबळ उडते ती तिकीट लावून दाखवण्यासारखी आहे. एक तर त्यांच्या दिमतीला कॅडी, वर ‘आगेवाला’. आगेवाला म्हणजे पुढे जाऊन उभा राहणारा, बॉल कुठे झुडपात घुसला ते हेरणारा माणूस. दोन दोन वाटाडे! कॅडी गुडघ्यावर बसून ग्रीन बघतो आणि म्हणतो, ‘साहेब, दोन कप राइट.’ म्हणजे होलाच्या उजवीकडे दोन होल सोडून मारा, उतार आणेल आपोआप. होल तो केवढा? 108 मिलिमीटरचा. साहेब काय करतात? साहेब स्वतः खाली बसतात. गुडघा कटकन वाजतो. एक डोळा मिटतात, काठी लोंबकळत धरतात, टीव्हीवर पाहिलेलं सगळं करतात आणि जाहीर करतात, ‘मला तर डावीकडे वाटतंय.’ कॅडी गप्प. रोज पहाटेपासून त्या गवतावर उभा असलेला माणूस गप्प! बॉल डावीकडचा उतार धरून घसरत ग्रीनखाली जातो. मग साहेब कॅडीकडे बघतात. जणू उतार त्यानेच आत्ता केला.

आणि कॅडीला कमी लेखता काय? दिल्लीचा अली शेर पिशव्या उचलता उचलताच खेळ शिकला आणि 1991 साली इंडियन ओपन जिंकला. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. 1993 मध्ये परत जिंकला. तेव्हा तुमच्या मागे पिशवी धरून उभा असलेला पोरगा मनातल्या मनात तुमच्या स्विंगचं काय करत असेल, याची कल्पना न केलेलीच बरी.

‘आम्हाला काय त्याचं, आम्ही नाही बुवा त्यातले,’ असं म्हणून वर तोंड करून हसणाऱ्यांनो, थांबा. 7 ऑगस्ट 2021 ची पहाट आठवते? शनिवार होता. तोक्यो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक खेळत होती. कासुमिगासेकी क्लबाचं मैदान, जिथे 2017 पर्यंत बायकांना पूर्ण सभासदत्वच नव्हतं. जगात दोनशेव्या क्रमांकावरची मुलगी पदकाच्या दारात, आणि पिशवी उचलायला कोण, तर तिची आई! त्या पहाटे खामगावात किती घरांत टीव्ही लागले होते? दूधवाल्याला दारात उभं करून ‘थांब, पट चाललाय’ कोण म्हणालं? बर्डी चांगली की बोगी चांगली हे आदल्या रात्रीपर्यंत माहीत नसलेली माणसं उन्हं वर येईपर्यंत ‘वाऱ्याचा अंदाज चुकला’ म्हणायला लागली होती! एका फटक्याने ब्राँझ हुकलं, ती चौथी आली, आणि गावात अशी हळहळ की जणू आपल्याच भाचीचं लग्न मोडलं. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने भाल्याचं सोनं आणलं म्हणून, नाहीतर सुतकच पाळलं असतं. पुण्याचा उदयन माने त्याच ऑलिंपिकला खेळला, तेव्हा ‘माने म्हणजे आपल्याकडचेच’ असं नातं लावणारेही याच कट्ट्यावरचे. आम्ही सगळं पाहिलंय.

तेव्हापासून काय काय चालू आहे तेही माहीत आहे. सकाळी फिरायला जाताना आभाळ स्वच्छ असूनही छत्री कोण नेतं आणि रस्ता रिकामा दिसला की ती दोन्ही हातांनी कोण फिरवतं? मोबाइलवर बोटाने बॉल ढकलण्याचा खेळ दुकानाच्या गल्ल्यामागे कोण खेळतं? गिऱ्हाईक उभं आहे हो! एका घरी तर सतरंजीखाली जुनी वर्तमानपत्रं घालून चढ केलाय, आणि टोकाला लग्नात आलेला चांदीचा पेला आडवा ठेवलाय. खामगावची चांदी, देवघरात असायची ती! पेल्याला पोचे आलेत. शेठ म्हणतात, घडणावळ माफ करतो, मला एकदा पट करू दे.

पण सगळ्यांवर कडी केली ती हेडसरांच्या पत्नीने, म्हणजे आपल्या काकूंनी. मागच्या उन्हाळ्यात त्या नुसत्या सोबत म्हणून गेल्या होत्या. चौथ्या होलाशी ग्रीनवर सर तिसऱ्यांदा चुकले तेव्हा त्यांनी काठी मागून घेतली आणि कॅडीला विचारलं, ‘बाळा, कुठे मारू?’ त्याने बोट दाखवलं. त्यांनी तिथे मारलं. बॉल वळसा घेत आत गेला. पुढच्या ग्रीनवरही तेच. सबब नको, स्लोप नको, गुडघा वाजवणं नको! सरांनी ‘नवशिक्याचं नशीब’ म्हणून बघितलं, शेठनी ‘पदर आडवा आला, वारा अडला’ असं संशोधन मांडलं. काकूंनी पिशवीतून शेगावची कचोरी काढून त्या पोराच्या हातावर ठेवली. तिघांनी एकच गिल्ला केला: ही लाच आहे! खेळाच्या सभ्यतेत बसत नाही! क्लबात कळलं तर?

या उन्हाळ्यात चौघं परत निघालेत. सीझनच्या आधीच बुकिंग झालंय, कोर्स नवा, कुणीच न पाहिलेला, स्लोप भरपूर. ट्रॅव्हल्सच्या डिकीत तीन पिशव्या आणि प्रत्येक पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात, बॉलच्या जागी, कचोरीचा एकेक पुडा. भाऊंनी हिरव्या मिरच्याही वेगळ्या बांधून घेतल्यात. काकू पर्स घेऊन सगळ्यात पुढच्या सीटवर, आणि मागून सर सांगतायत की या वेळी कॅडी जे म्हणेल तेच, फक्त एखाद्या ठिकाणी अगदीच चुकत असेल तर तेवढं मी बघेन.